सांगली समुद्रात का दिसते?

प्रश्न : टेम्पो सर्व्हिसच्या वेबसाइटसाठी ओएसआरएम या मार्ग शोधून देणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरकडून सांगली-सातारा मार्ग मागवतो. कधी अंतर भलतेच येते, तर कधी नकाशावर रेघ आफ्रिकेपाशी उमटते. कोऑर्डिनेट्स गुगल मॅप्समधून जसेच्या तसे घेतले आहेत.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जसेच्या तसे घेतलेत, तिथेच घोळ आहे. गुगल आधी अक्षांश देते, मग रेखांश : सांगली १६.८५२४, ७४.५८१५. ओएसआरएमला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. दोन ठिकाणांमध्ये अर्धविराम. क्रम उलटला की सांगली नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडते. सर्व्हर तक्रार करत नाही, मिळेल त्या सर्वांत जवळच्या रस्त्याला बिंदू चिकटवून मोकळा होतो. ओपनरूटसर्व्हिस ही अशीच दुसरी सेवा ३५० मीटरच्या आत रस्ता सापडला नाही तर एरर देते. आमच्या मते तेच बरे. ओएसआरएमच्या उत्तरात ‘वेपॉइंट्स’खाली प्रत्येक बिंदूचे ‘डिस्टन्स’ असते, म्हणजे बिंदू किती मीटर सरकवला ते. मार्केट यार्डातल्या आतल्या गाळ्यासाठी पन्नास-साठ मीटर चालतील. आकडा हजारांत गेला तर क्रमच चुकलाय समजा.

आफ्रिकेचे कारण वेगळे. विनंतीतल्या ‘जॉमेट्रीज’ या पर्यायात काही सांगितले नाही तर मार्गाची रेघ पॉलीलाइन म्हणून येते : अक्षरांची एक अगम्य ओळ, जिच्यात अंश १,००,००० ने गुणून साठवलेले असतात. पॉलीलाइन-६ मागवली तर १०,००,००० ने. मागवली साधी आणि उलगडणारा कोड सहाचा, असे झाले की प्रत्येक आकडा दहापट लहान होतो. १.६८, ७.४६ म्हणजे गिनीच्या आखातातले प्रिन्सिप बेट! उलट झाले तर अक्षांश १६८ येतो, तो पृथ्वीवर नाहीच. ही कटकट नको असेल तर जिओजेसन मागवा, त्यात कोऑर्डिनेट्स सरळ आकड्यांत असतात. उत्तर आकाराने मोठे येते, पण लीफलेट ही वेबसाइटवर नकाशा दाखवणारी लायब्ररी ते थेट काढते आणि उलटा क्रमही स्वतःच सांभाळते.

विनंतीत सोबत ‘ओव्हरव्ह्यू=फुल’ घालाच. नाहीतर रेघ सोपी करून येते. झूम केले की पेठ नाक्याच्या वळणावर टेम्पो शेतातून चाललेला दिसेल. अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत असते. त्या वेळेत त्या घडीची गर्दी धरलेली नसते, त्यामुळे उसाच्या हंगामात आष्ट्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे जाणारा वेळ तुम्हीच वर धरायचा. ओएसआरएमचा सार्वजनिक सर्व्हर चाचणीपुरता आहे, सेकंदाला एकच विनंती. धंद्यासाठी स्वतःचा सर्व्हर उभारा.

प्रश्न : राजवाड्यापासून यवतेश्वरमार्गे कासचा मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये (जीपीएस यंत्रात मार्ग भरायची फाइल) घेतला, पण सायकलवरचे जीपीएस दुसऱ्याच वाटेने न्यायला बघते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत ‘आरटीई’ असेल तर तो रूट : थोडेसे बिंदू, ज्यांच्यामधली वाट बरीच यंत्रे आपल्या नकाशावरून पुन्हा आखतात. ‘टीआरके’ म्हणजे ट्रॅक. ती आखलेली रेघ, यंत्र तिच्यावरूनच चालते. घाटासाठी ट्रॅकच घ्या. जीपीएक्समध्ये अक्षांश-रेखांश नावानिशी लिहिलेले असतात, म्हणून उलटापालट होत नाही. केएमएल या गुगल अर्थच्या फाइलमध्ये मात्र रेखांश, अक्षांश, उंची असाच क्रम असतो.

प्रश्न : वळणांच्या सूचना मराठीत मिळतील का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : गुगलच्या जुन्या ‘डायरेक्शन्स’ सेवेला ‘लँग्वेज=एमआर’ द्या. तिथे सूचनेच्या मजकुरात एचटीएमएलचे टॅग येतात, ते काढूनच एसएमएस पाठवा. ओएसआरएम तयार वाक्य देत नाही. ‘स्टेप्स=ट्रू’ घातले की वळणाचा प्रकार, दिशा आणि रस्त्याचे नाव मिळते, ‘डावीकडे वळा’ हे तुम्ही जोडायचे. ओएसआरएम ज्यावर चालते त्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या नकाशावर रस्त्याचे नाव कुणी भरलेले नसेल तर ती जागा रिकामी येते. तेवढ्यापुरते वाक्य वेगळे ठेवा.