वाचकांचे प्रश्न: जुन्या थिंकपॅडचा अडॅप्टर

प्रश्न: माझ्याकडे आयबीएमचा थिंकपॅड टी-४२ आहे. अडॅप्टरवर १६ व्होल्ट, ४.५ अँपिअर असे छापलेले आहे. मीटरवर बरोबर १६ व्होल्ट येतात, पण लॅपटॉपला लावला की दिवा विझतो आणि आतून टिक-टिक असा आवाज येतो. दुकानदार म्हणतात, फेकून द्या. दुरुस्त होईल का?
(लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: बहुतेक वेळा होतो, आणि करावाच. रिकाम्या अडॅप्टरवर १६ व्होल्ट दिसले म्हणून तो चांगला ठरत नाही. लोड, म्हणजे करंट ओढणारे काहीतरी, द्यावा लागतो. १० ओहम, ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातला रेझिस्टर पत्र्यावर बसवून पिनेला जोडा. त्यातून १.६ अँपिअर वाहतील. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका. या लोडवर १६ व्होल्ट टिकले, तर तसाच दुसरा रेझिस्टर समांतर जोडून ३.२ अँपिअरवर पाहा. तरीही टिकले, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये किंवा बोर्डावर आहे. अडॅप्टर उघडू नका.

व्होल्टेज पडले तर आधी वायर तपासा. पिनेजवळ आणि डब्यातून वायर बाहेर पडते तिथे, सतत वाकून आतल्या तारा एकेक तुटत जातात. उरलेल्या दोन-चार तारा मीटरपुरता करंट देतात, लॅपटॉपपुरता नाही. लोड चालू असताना वायर हलवली आणि आकडा नाचला, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोल्डर करा.

वायर चांगली असेल तरच डबा उघडा. हे डबे स्क्रूचे नसतात, चिकटवलेले असतात. सांध्यावर बोथट पाते ठेवून हातोडीने हलके ठोकत चारही बाजू फिरा. पाते आत घुसता कामा नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्याच्या दोन टोकांना दहा सेकंद लावा, मग मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट: ठिणगी उडते, टोके जळतात.

आता टिक-टिक. अनेक जुन्या अडॅप्टरांत यूसी ३८४२ जातीची आयसी (अडॅप्टर चालवणारी चिप) असते. ती १६ व्होल्टला सुरू होते आणि तिचा स्वतःचा पुरवठा १० व्होल्टच्या खाली गेला की थांबते. हा पुरवठा टिकवणारा, तिच्याजवळचा लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (साधारण २२ ते १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट) गरम भागांना लागून असल्यामुळे वाळतो. मग लोड आला की आयसी थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. हा कपॅसिटर फुगत नाही, वरून अगदी नवा दिसतो, म्हणून कारागिराच्या नजरेतून सुटतो. आउटपुटचे कपॅसिटरही सोबतच बदला: मूल्य जुनेच, २५ व्होल्ट, १०५ अंश, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले). १६ व्होल्टचे चालणार नाहीत, कारण अडॅप्टरच १६ व्होल्टचा आहे. उंची आणि व्यास मोजून न्या, नाही तर डबा बंद होत नाही. इंदूरच्या महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर विचारताना ‘लो-ईएसआर’ हे आवर्जून सांगा. भंगारातून काढून पुसलेले कपॅसिटर नकोत. त्यांचे पाय आखूड असतात आणि त्यांवर सोल्डर लागलेले दिसते.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी नव्हे. क्षणभर उजळून मंदावला की ठीक. पूर्ण पेटून राहिला तर मॉसफेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) किंवा ब्रिज (एसीचे डीसी करणारे डायोड) शॉर्ट आहे. बंद करताना आतला प्लास्टिकचा कागद आणि तांब्याचा पत्रा होते तसेच परत घाला. ते इन्सुलेशनसाठी आणि शिल्डिंगसाठी आहेत.

प्रश्न: त्यापेक्षा घरातला दुसरा अडॅप्टर लावला तर? पिन बसते.
(सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: पिन बसते, धोका तिथेच आहे. टी-४२ ची पिन ५.५ बाय २.५ मिलिमीटरची, आत धन. १९ व्होल्टच्या कित्येक अडॅप्टरांची पिनही याच मापाची असते. तो लावू नका. २००६ च्या टी-६० पासून थिंकपॅड २० व्होल्टवर गेले, तेही नकोत. त्यांची पिन जाड असल्यामुळे निदान बसत तरी नाही. युनिव्हर्सल अडॅप्टर घेतलात तर तो १६ व्होल्टवर ठेवून, ४.५ अँपिअर देतो का ते वाचून, आधी मीटरने पाहा.

प्रश्न: अडॅप्टर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येतात.
(रामबाग, इंदूर)

उत्तर: प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (लॅपटॉपची बाजू) यांच्या मधल्या वाय-कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट येतो. २२०० पिकोफॅरड असेल तर २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. अडॅप्टरचे सॉकेट तीन पिनांचे असेल, तर बहुधा घरच्या बोर्डाला अर्थिंग नाही किंवा वायरची तिसरी पिन कोणी कापली आहे; ते दुरुस्त केले की झिणझिण्या थांबतात. अडॅप्टर दोन पिनांचाच असेल तर त्या थोड्या राहणारच. हा कपॅसिटर काढून टाकू नका आणि त्याजागी साधा सिरॅमिक तर मुळीच घालू नका. तो शॉर्ट झाला तर मेन्सचा करंट थेट लॅपटॉपच्या बॉडीवर येईल. बदलायचाच असेल तर वाय-१ (सुरक्षिततेचा वर्ग) छाप असलेलाच घ्या. आणि झटका झिणझिण्यांपेक्षा जोरात बसत असेल तर तो अडॅप्टर आजच बंद करा.