'दुष्परिणाम' की 'ओघाने होणारा परिणाम'?

विचारणा अशी आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या मराठी लेखात 'इनडायरेक्ट इफेक्ट'ला (कृतीत थेट न सांगितलेल्या, पण तिच्यातून घडणाऱ्या परिणामाला) 'दुष्परिणाम' आणि यंत्राच्या 'बिलीफ'ला (ते जे खरं धरून चालतं त्याला) 'विश्वास' म्हटलं तर चालेल का?

'दुष्परिणाम' नकोच. औषधांच्या बाबतीत तो खपून जातो, पण इथे चांगल्या-वाइटाचा संबंधच येत नाही. संगणकशास्त्रज्ञ फांगझेन लिन यांनी १९९५ मध्ये दिलेलं सूटकेसचं उदाहरण घ्या. सूटकेसला दोन खटके. दोन्ही वर असले की स्प्रिंगमुळे झाकण आपोआप उघडतं. यंत्राला शिकवलेली कृती एवढीच, की खटका वर करायचा. झाकणाचा त्या कृतीत उल्लेखही नाही. तरी ते उघडतं, आणि त्यात 'दुष्' काही नाही.

मग 'आनुषंगिक परिणाम'? शब्द वाईट नाही, परिभाषेत शोभेलही. पण आनुषंगिक म्हणजे सोबत येणारं, आनुषंगिक खर्चासारखं. कशातून काय निघालं हे तो सांगत नाही, आणि मेख तिथेच आहे. समजा नियम लिहिला, 'जर दोन्ही खटके वर असतील, तर झाकण उघडं असेल.' पहिला खटका आधीच वर आहे, झाकण बंद आहे. आता दुसरा वर केला. काय होईल? झाकण उघडेल, हे तुम्ही-आम्ही सांगू. पण झाकण बंदच राहिलं आणि पहिला खटका आपसूक खाली पडला, तरीही नियम कुठे मोडतो? निव्वळ तर्काला दोन्ही उत्तरं सारखीच पटतात. लिन यांनी म्हणून नुसत्या 'जर-तर'वर न थांबता 'मुळे'ही लिहिलं: खटक्यांमुळे झाकण उघडतं. उलट दिशेने काही होत नाही.

ओघाला अशीच एक दिशा असते. म्हणून मी 'ओघाने होणारा परिणाम' लिहीन. लांबलचक वाटला तर 'अप्रत्यक्ष परिणाम' आहेच, रुळलेला आणि निरुपद्रवी.

'विश्वास' मात्र अजिबात नको, 'समजूत' घ्या. खटका वर आहे अशी यंत्राची समजूत असते, आणि ती चुकीचीही असू शकते. ('समज'ही चालेल, पण 'माझा असा समज होता' म्हटलं की ऐकणारा पुढच्या 'पण'ची वाट बघू लागतो.) शिवाय काही कृती नुसत्या पाहण्याच्या असतात. यंत्राने खटका चाचपला, तर सूटकेस होती तशीच राहते. बदलते ती यंत्राची समजूत. तिथे 'यंत्राचा विश्वास बदलला' लिहून बघा, सूटकेसने दगा दिल्यासारखं वाटेल.