मोटरहोममागे ओढायच्या गाडीचा इन्शुरन्स

मोटरहोमचा (म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) इन्शुरन्स काढलाय म्हणजे मागची छोटी गाडी पण त्यातच आली असं धरून चालू नका. साधारणपणे काय होतं, ओढत असताना मागच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते बऱ्याचदा मोटरहोमच्या पॉलिसीतून जातं, पण त्या गाडीचं स्वतःचं जे काही चेपेल-फुटेल त्याला तिची वेगळी फुल पॉलिसी लागते, नुसती थर्ड पार्टी असेल तर बंपर तुमच्या खिशातून. मुक्कामाला पोचून गाडी सोडवली आणि चालवायला घेतली की मग तर तिचा स्वतःचा इन्शुरन्स हवाच.

टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा), बेस प्लेट (तो दांडा अडकवायला छोट्या गाडीला पुढे बसवतात ती), मागच्या गाडीचे ब्रेक लावणारं किट हे नंतर बसवलेलं असतं (आणि स्वस्त नसतं!) त्यामुळे पॉलिसीत लिहून घ्या, बिलं जपून ठेवा. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढणार असाल तर आधी गाडीचं मॅन्युअल वाचा, चुकीच्या गिअरमध्ये ओढून गिअरबॉक्स गेला तर तो सहसा अपघात धरत नाहीत, क्लेम विसरा. रोडसाइड असिस्टन्स घेताना मोटरहोम बंद पडलं तर दोन्ही गाड्या उचलणार का हे विचारा, आणि उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या.