बाबांचा हात आणि मुलीचा प्रवेश

प्रश्न : माझ्या मिस्टरांना गणपतीच्या दिवसांत लकवा झाला. आता चालतात, पण उजवा हात उचलत नाही. एका खासगी दवाखान्यात रोबोटवर हाताचे व्यायाम सुरू आहेत. मुलगी बारावीला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहे. रोज संध्याकाळी दोन तास तीच बाबांचा व्यायाम घेते. तिला फिजिओथेरपी करायची आहे. मलाही वाटते, घरचीच डॉक्टर झाली तर बाबा बरे होतील. मोठे दीर म्हणतात, ते काम आता रोबोटच करणार, पोरीला रोबोटिक्स इंजिनीअरिंगला टाका. काय करावे?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, दिरांच्या म्हणण्याकडे नंतर येते. तुमच्या पत्रातले ‘घरचीच डॉक्टर झाली तर बाबा बरे होतील’ हे वाक्य मला जास्त काळजीचे वाटते. हे मुलीच्या कानावर गेले असेल, आणि गेलेच असणार, तर ती करिअर निवडत नाहीये, बाबांना बरे करण्याची जबाबदारी अंगावर घेते आहे. शिवाय हा हिशेब जुळतच नाही. पक्षाघातानंतर हाताची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. मुलीच्या हातात पदवी पडायला साडेचार-पाच वर्षे लागतील. तोवर हात जितका यायचा तितका बहुतेक आलेला असेल. आणि फारसा आला नाही, तर आपणच कमी पडलो असे ती धरून बसेल. तुम्ही हे मुद्दाम केलेले नाही. घरच्या कर्त्या माणसाचा हात लुळा पडल्यावर आईला कशाचा तरी आधार हवा असतो. पण तो आधार सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडे मागू नका.

फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा, मे महिन्यात नीट. संध्याकाळचे ते दोन तास आजपासून तिच्याकडून काढून घ्या. तुम्ही शिका, दिरांनाही शिकू द्या. पुढच्या खेपेला थेरपिस्टसमोर दोघेही बसा आणि व्यायाम स्वतःच्या हाताने करून दाखवा. लुळा हात ओढून वर न्यायचा नाही, बगलेत धरून माणसाला उठवायचे नाही. त्याने खांदा दुखावतो, आणि एकदा खांदा दुखू लागला की माणूस हात हलवूच देत नाही.

आता रोबोट. तो बाबांना बरे करतो आणि थेरपिस्टला घरी बसवतो, हा समज काढून टाका. हे यंत्र हाताला आधार देते, पडद्यावरच्या खुणेपर्यंत तो न्यायला मदत करते, रुग्ण स्वतः जोर लावू लागला की आपली मदत कमी करते. एका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल न थकता करून घेते आणि प्रत्येक हालचाल मोजते. हे मोलाचे आहे, कारण मेंदू सरावानेच पुन्हा शिकतो. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली : आठवड्यातून तीन दिवस, ४५-४५ मिनिटे, बारा आठवडे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. रोबोटवर सराव केलेल्यांचा हात रोजच्या कामाला नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे जास्त उपयोगी पडू लागला, असे दिसले नाही. हालचालीत थोडा फरक पडला, पण तो कामात उतरला नाही. हात पुढे सरकला म्हणजे शर्टाची गुंडी लागली असे होत नाही. ती लावायला शिकवणारे माणूस लागतेच.

त्या माणसाचा अभ्यासक्रम तुमच्या शहरातच आहे आणि तुमच्या पत्रात त्याचे नावही नाही : ऑक्युपेशनल थेरपी, बीओटीएच. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तो शिकवला जातो. पोह्याचा चमचा तोंडापर्यंत नेणे, नळ पिळणे, एका हाताने सदरा घालणे, ही याच थेरपिस्टची कामे. मुलगी रोज बाबांसोबत जे करते ते मला फिजिओथेरपीपेक्षाही याच्या जवळचे वाटते. फिजिओ आणि ऑक्युपेशनल, महाराष्ट्रात दोन्हींचा प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फत होतो. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे आधीच ऐकून ठेवा.

इंजिनीअरिंग वाईट नाही. हाताच्या सरावाचा एमआयटी-मॅनस हा रोबोट अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स या अभियंत्यांनीच घडवला. मुलीला मोटर, सेन्सर, गणित यांत रस असेल तर जेईई, सीईटी जरूर द्यावी. पण तिला ते आवडते असे पत्रात कुठेही नाही. आवडते ते दिरांना. त्यांना विचारा, मुलीने यातले काय आवडते म्हणून सांगितले होते?

बोर्ड आटोपले की तिला एक सकाळ मेडिकलच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात न्या. परवानगी मागून बसू द्या. बाबांना मात्र सोबत नेऊ नका. तिला अनोळखी रुग्ण पाहू द्या : रडणारे, चिडणारे, महिनोन्‌महिने तसूभरही न सुधारणारे. घरी आल्यावर ती काय म्हणते ते ऐका आणि मला कळवा. कदाचित तिला हे काहीच नको असेल. तसे असेल तर तेही चालेल. मग आपण पहिल्यापासून बोलू.