आधी मोहरी फेस, मग पेशींकडे जा

बेटा,

तुझा संशोधनाचा प्रस्ताव वाचला. ‘कोबीवर्गीय भाज्या मेंदूच्या पेशींचं रक्षण करतात’ हे पहिलंच वाक्य खोड. कुणाच्या पेशी, किती मात्रा, हे सांगितल्याशिवाय असं लिहायचं नाही.

ज्याच्यामुळे हे रक्षण होतं म्हणतात, त्या सल्फोराफेन या रसायनाचंच बघ. 1992 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल टॅलले यांच्या गटाने ते ब्रोकोलीतून वेगळं केलं. पण न चिरलेल्या भाजीत ते जवळजवळ नसतंच. तिथे असतं ग्लुकोराफॅनिन, म्हणजे त्याचं आधीचं, निष्क्रिय रूप. सुरी चालली, पेशी फुटल्या, की मायरोसिनेज एन्झाइम त्याला गाठतं आणि मग सल्फोराफेन बनतं. ते पेशीतल्या एनआरएफ-2 या बांधून ठेवलेल्या नियंत्रक प्रथिनाला मोकळं करतं, आणि पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवते.

आता आपल्या स्वयंपाकघरात ये. चिरल्या चिरल्या भाजी कढईत गेली तर उष्णतेने मायरोसिनेज निकामी होतं. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवली तर काम आधीच झालेलं असतं. मोहरीतही हे एन्झाइम आहे. तडतडलेल्या मोहरीत ते टिकत नाही, पण कच्ची मोहरी फेसली की नाकात झणका जातो ना, ती त्याचीच करामत. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातली की सल्फोराफेन वाढतं, हे प्रयोगांत दिसलंय. मग नागपूरच्या गोकुळपेठ बाजारातून ब्रोकोली आण, थोडी वाफव, फेसलेली मोहरी लाव आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सल्फोराफेन मोज. पत्ताकोबीची कोशिंबीरही घे. माझ्या मते तुझा खरा विषय हाच आहे.

पेशींवरचे प्रयोग नंतर कर. पण ज्या एसएच-एसवाय5वाय पेशी तू मागवणार आहेस, त्या एका लहान मुलीच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या आहेत, मेंदूतून नाहीत. हे प्रबंधात स्पष्ट लिही. माणसांतलं चित्र तर आणखी धूसर आहे. रोज हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्या वृद्धांची स्मरणशक्ती हळू घटते असं निरीक्षणांत दिसलं, पण पालेभाज्यांवर भर देणाऱ्या, मेंदूसाठी आखलेल्या माइंड आहाराच्या चाचणीत (2023) 604 जणांना तीन वर्षं पाहूनही तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक सापडला नाही.

तुझ्या आजीच्या पार्किन्सन्सपायी तू हा विषय घेतलास, ते मला ठाऊक आहे. तिला मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) आवडीने खाऊ घाल. सल्फोराफेनची कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी वेळेवर दे. वरणातली प्रथिनं त्या औषधाच्या शोषणात आडवी येतात, म्हणून गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं तेही त्यांनाच विचार.