अ‍ॅक्सेस कंट्रोलवर पीएचडी करणारे नेमकं काय संशोधन करतात? फायरवॉल तर विकत मिळतो ना?

मी सांगलीत पतसंस्थांची नेटवर्कं सांभाळतो आणि एमटेकला माझा विषयही हाच होता, म्हणून लिहितोय. फायरवॉल विकत मिळतो हे बरोबर, पण कुणाला काय करू द्यायचं (यालाच अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात) ते तो तुम्हालाच विचारतो, आणि खरी गोम तिथंच आहे.

पतसंस्थेतलंच बघा ना. क्लार्क व्हाउचरची एंट्री मारतो, अधिकारी ते पास करतो, एकाच माणसानं दोन्ही करायचं नाही. आता मार्केट यार्ड शाखेतला क्लार्क प्रमोशन होऊन विश्रामबागला अधिकारी झाला, पासिंगचे राइट्स (म्हणजे सॉफ्टवेअरमधली परवानगी) त्याच दिवशी मिळाले (ते मिळाले नाहीत तर काम अडतं, फोन येतात), पण एंट्रीचे जुने राइट्स काढायला कुणी सांगितलंच नाही कारण त्यानं कुणाचंच काम अडत नाही. झालं, आता तो स्वतःच एंट्री मारून स्वतःच पास करू शकतो. ह्यात हॅकर कुठं आला? पासवर्ड त्याचा, कॉम्प्युटर ऑफिसचा, फायरवॉलला सगळं व्यवस्थितच दिसणार.

डेव्हिड क्लार्क (हे आडनाव बरं का) आणि डेव्हिड विल्सन या दोन संशोधकांनी 1987 मध्ये हेच मांडलं की लष्कराला गुपित फुटण्याची भीती असते पण धंद्यात मुख्य भीती चुकीची नोंद होण्याची असते, तर मॉडेलही, म्हणजे नियमांचा साचाही, वेगळा पाहिजे. मग 1992 ला फेरायोलो आणि कून यांनी राइट्स माणसाला न देता पदाला द्यायचे ही पद्धत नीट मांडली, आणि 1996 ला रवी संधू (हे आपल्या आयआयटी मुंबईचे बीटेक) आणि सहकाऱ्यांनी तिची मॉडेल्स बसवली. पद सुटलं की राइट्स आपोआप सुटले. आज जवळपास प्रत्येक बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये जे रोल, म्हणजे ही पदं, दिसतात ते इथून आलेत.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 1976 चा निकाल, हॅरिसन, रुझो आणि उलमन यांचा. प्रश्न साधा आहे, की आज दिलेले राइट्स आणि ते पुढं देण्याघेण्याचे नियम बघून, नको त्या माणसाच्या हातात नको तो राइट कधीच पडणार नाही हे कॉम्प्युटरला तपासता येईल का? त्यांनी सिद्धच केलं की नियम कसलेही चालतील म्हटलं तर प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देणारा प्रोग्राम असूच शकत नाही! मशीन हळू आहे म्हणून नाही हं, मुळातच शक्य नाही. तेव्हापासून बरंचसं संशोधन याच शोधात आहे की नियमांना किती बंधनं घातली म्हणजे खात्री देता येईल आणि तरी माणसांचं रोजचं काम अडणार नाही.

नेटवर्कचं म्हणाल तर पूर्वी ऑफिसच्या आतला तो आपला असं धरायचे, म्हणून सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि कॅशियरचा पीसी एकाच नेटवर्क स्विचवर, म्हणजे एकाच जोडपेटीवर, बिनधास्त असायचे, अजूनही असतात. 2010 पासून झिरो ट्रस्ट म्हणतात ते हे मोडायला, आतल्यालाही प्रत्येक वेळी तपासायचं.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर हॅकिंगच्या कोर्सला पैसे घालू नका. डिस्क्रीट मॅथ्स (संच, तर्क यांचं गणित) पक्कं करा, अलॉय नावाचं नियम तपासणारं फुकट टूल आहे ते उतरवा, आणि वरचं एंट्री-पासिंगचं उदाहरण त्यात लिहून बघा, बदलीच्या नियमासकट. तुम्ही ठरवून दिलेल्या मर्यादेत (इतकी माणसं, इतक्या पायऱ्या) पळवाट असली तर ते टूल तुम्हाला कोण, कुठल्या क्रमानं, सगळं मांडून दाखवतं.