ॲव्हरेज पडलं, एवढ्यावर केस उभी राहत नाही

प्रश्न : आमची २०१९ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७१,००० किलोमीटर झालेली. रोज वडगाव बुद्रुक ते हिंजवडी जाणं-येणं. गाडी तापत होती म्हणून १८ ऑगस्ट २०२५ला सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये टाकली. थर्मोस्टॅट, कूलंट, मागचे ब्रेक शू आणि जनरल सर्व्हिसिंग धरून १४,८६० रुपये यूपीआयने दिले. हातात फक्त एस्टिमेटचा कागद आहे, त्यावर शिक्का : ‘काम झाल्यावर तक्रार चालणार नाही.’ आधी १७ देणारी गाडी तेव्हापासून १२ देते. मालक म्हणतो, ‘हल्ली पेट्रोलच ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, मी काय करू?’ गाडी पत्नीच्या नावावर आहे. दुसरा एक मेकॅनिक म्हणतोय, उद्या आणा, नीट करून देतो. पोलिसांत जाऊ की ग्राहक मंचात?

उत्तर : आधी एक करा, उद्या गाडी त्या मेकॅनिककडे नेऊ नका. त्याने ती खोलून नीट केली, की गॅरेजमालकाच्या चुकीचा पुरावा या मेकॅनिकच्या भंगाराच्या डब्यात जाईल.

ग्राहक आयोगासमोर ‘माझी गाडी कमी ॲव्हरेज देते’ हे म्हणणं फार तर तक्रारीचं कारण ठरतं, पुरावा नाही. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल (२०२१) या निकालात ते स्पष्ट केलं आहे. म्हणजे नेमकं काय चुकलं, ते कोणी केलं आणि त्यामुळेच पेट्रोल जास्त जातंय, या तीन कड्या तुम्हाला जोडाव्या लागतील.

तुमच्या एस्टिमेटच्या फोटोत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही ओळ : ‘थर्मोस्टॅट १ नग – १,१५०’. तापणाऱ्या गाडीवर काही गॅरेजांत एक जुना उपाय केला जातो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा आणि त्याची रिकामी हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, परत बसवायची. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा वर जात नाही, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन नीट गरम होत नाही आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. तपासणं सोपं आहे. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून बायपासने नवले पूल ते वाकड जा. पंधरा-वीस मिनिटांनी कूलंटचं तापमान साधारण ८० ते ९५ अंशांत स्थिर हवं. ६०च्या वेगात ते ७०च्या खाली उतरून तिथेच रेंगाळत असेल किंवा पी ०१२८ हा बिघाडाचा कोड आला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकला आहे.

पण एकट्या थर्मोस्टॅटने १७चे १२ होणं अवघड, म्हणून मागचे ब्रेकही बघा. नवे शू बसवताना ॲडजस्टर किंवा हँडब्रेकची केबल जास्त ताणली तर ते चाकाच्या ड्रमला सतत घासत राहतात. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, ब्रेक शक्यतो न मारता गाडी चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या मधल्या भागाचं तापमान घ्या. मागचं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच तापलेलं असेल किंवा जॅकवर उचलल्यावर हाताने सहज फिरत नसेल, तर दुसरी चूकही सापडली. टायरची हवा आणि इंजिन ऑइलचा ग्रेडही नोंदवून घ्या. मॅन्युअलमध्ये पातळ ऑइल सांगितलेलं असताना २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल ओतलेलं असेल तर तोही मुद्दा आहे, मात्र छोटा.

आता ई-२०चा बचाव. तो निव्वळ बहाणा नाही, म्हणून त्याला उत्तर तयार हवं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते. ई-० (इथेनॉलविना पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई-१०ला (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या चारचाकींत ई-२०ने ॲव्हरेज अंदाजे ६ ते ७ टक्के घटतं, असं नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात आहे. तुमची घट २९ टक्के आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १७ ऑगस्टलाही तुम्ही त्याच पंपावर तेच पेट्रोल भरत होतात. सर्व्हिसिंगच्या आदल्या दोन-तीन महिन्यांच्या यूपीआय नोंदी आणि त्या काळातलं किलोमीटरचं रीडिंग कुठेही सापडलं (पीयूसीच्या कागदावर, जुन्या सर्व्हिस बिलावर, फोटोत), तर ई-२०चा मुद्दा तिथेच बसतो. एआरएआय या वाहनचाचणी संस्थेचा ॲव्हरेजचा आकडा मात्र नोटिशीत घालू नका. तो प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो. त्याच्याशी तुलना केली की समोरचा वकील रस्त्यावरची रहदारी पुढे करतो. तुलना तुमच्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी ठेवा.

रहदारीवरून आठवलं, १८ ऑगस्टनंतर लगेच गणपती आले. २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरच्या काळातलं ॲव्हरेज पुराव्यात धरू नका. बॅटरी काढली असेल तर डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडाही शून्यापासून सुरू झालेला असू शकतो, त्याच्यावर विसंबू नका. नव्याने तीन टाक्या मोजा. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, आणि ओडोमीटर व पावती यांचा एकत्र फोटो. पावती थर्मल कागदाची असते, महिन्याभरात पांढरी होते, म्हणून फोटो आणि झेरॉक्स त्याच दिवशी.

मग तपासणी. ती तुमच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करा. ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळणार आहेत त्याचं मत हलकं पडतं, म्हणून जॉबकार्डवर ‘फक्त तपासणी, दुरुस्ती नाही’ असं लिहून घ्या. तपासणीच्या सात दिवस आधी गॅरेजमालकाला लेखी कळवा की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हाउसिंग उघडणार आहोत, हजर राहा. तो आला तर त्याच्यासमोर दिसेल, नाही आला तर ‘मला कळवलंच नाही’ हे म्हणायची सोय उरत नाही. इंजिन गार असताना, रेडिएटरचा जाड होज इंजिनाला जिथे मिळतो तिथली हाउसिंग उघडेपर्यंत व्हिडिओ मधे न थांबवता घ्या, सुरुवातीला नंबरप्लेट आणि ओडोमीटर दाखवून. तपासणाऱ्याकडून लेखी अहवाल आणि पुढे प्रतिज्ञापत्र घ्या. आयोगात पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रावरच चालतो. व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा आणि तो मोबाईल एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

पोलिसांचं म्हणाल तर, काम वाईट केलं म्हणजे फसवणूक नव्हे. त्यासाठी सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. हाउसिंग रिकामी निघाली आणि १,१५० रुपये मात्र घेतलेले असले तर चित्र बदलतं, तेव्हा लेखी तक्रार अर्ज देता येईल. आज जाण्यात अर्थ नाही.

तुमचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. (मंचाचं नाव २०२०पासून आयोग झालं आहे.) तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे पुणे जिल्हा आयोगात तक्रार चालेल. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही दिलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षं, तुमच्या बाबतीत साधारण ऑगस्ट २०२७च्या मध्यापर्यंत. सेवा घेणारे आणि पैसे देणारे तुम्ही, गाडी पत्नीची, म्हणून दोघंही तक्रारदार व्हा. विरुद्ध पक्ष म्हणून नुसतं बोर्डावरचं नाव लिहू नका, मालकाचं नाव लागेल. ते यूपीआयच्या पावतीवर किंवा जीएसटी नंबर असेल तर जीएसटी पोर्टलवर मिळतं.

त्या शिक्क्याला घाबरू नका. शिक्का मारल्याने सेवेतल्या त्रुटीची जबाबदारी पुसली जात नाही. उलट पैसे घेऊन बिल न देणं ही कलम २(४७)खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. नोटिशीत बिलाची मागणी पहिली घ्या. नोटीस कायद्याने सक्तीची नसली तरी द्या, १५ दिवसांची मुदत देऊन, पोचपावतीची सोय घेऊन स्पीड पोस्टाने. रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

मागायचं किती? रोज ४५ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस धरले तर १,०८० किलोमीटर. १७ला ६३.५ लिटर, १२ला ९० लिटर. फरक साडेसव्वीस लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला सुमारे २,७५० रुपये. हा फरक सर्व्हिसिंगपासून तपासणीपर्यंतचाच मागा. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमचीही आहे, वर्षभर तशीच गाडी चालवून वर्षाचं पेट्रोल मागाल तर आयोग ते कापेल. म्हणून अहवाल हातात आला की लगेच दुरुस्ती करून घ्या, काढलेले सुटे भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा. एकूण मागणी अशी : थर्मोस्टॅट व ब्रेकच्या कामाचे पैसे, दुरुस्तीचा खर्च, पेट्रोलचा फरक, तपासणीची फी आणि मनस्तापापोटी वाजवी रक्कम. दोन-तीन लाखांचा आकडा टाकण्याचा मोह टाळा, त्याने मूळ मागणीही हलकी दिसते.

तक्रार दाखल झाल्यावर गॅरेजमालकाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात. त्यामुळे अहवाल जोडलेली नोटीस मिळाल्यावर मालक तडजोडीला तयार झाला तर ऐका. ‘फुकट करून देतो, आणा’ म्हणाला तर जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत, कोणता भाग बदलणार आणि जुना भाग परत देणार हे लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. आणि ‘आता काही तक्रार नाही’ असा कागद त्याने पुढे केला, तर पेट्रोलच्या फरकाचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच त्यावर सही करा.